स्पर्धा संपली, वेळापत्रक उरलं

२००८च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, शहर प्रशासनाने एक स्पर्धा जाहीर केली. गुन्ह्यांच्या नोंदींसारखी बरीच माहिती प्रशासनाने आधीच इंटरनेटवर खुली करून ठेवली होती. आता कोणीही यावं, ती उचलावी आणि लोकांच्या उपयोगाचं ॲप करून दाखवावं, असं आवाहन होतं. मुदत ३० दिवसांची, नाव 'ॲप्स फॉर डेमोक्रसी'. एकूण खर्च ५० हजार डॉलर. महिन्याभरात ४७ ॲप्स आली. हीच कामं कंत्राट देऊन करून घेतली असती तर २३ लाख डॉलर लागले असते, असा हिशेब आयोजकांनी मांडला आणि तो आकडा जगभर गाजला.

स्पर्धेमागचे अधिकारी होते विवेक कुंद्रा. जन्म दिल्लीचा, बालपण टांझानियात, आणि त्या वेळी वॉशिंग्टन शहराचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी. पुढच्याच मार्चमध्ये ओबामांनी त्यांना संपूर्ण संघराज्याचे पहिले मुख्य माहिती अधिकारी नेमलं आणि मे २००९ मध्ये सरकारी माहितीचं राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झालं.

त्या ४७ मधलं माझं सगळ्यात आवडतं ॲप म्हणजे 'स्टंबल सेफली'. शहरातले बार आणि आसपास घडलेले गुन्हे एकाच नकाशावर मांडायचे आणि रात्री दोन पेले रिचवून बाहेर पडलेल्या माणसाला सुखरूप घरी जायची वाट दाखवायची. पोलिसांची रूक्ष नोंदवही एका तरुणाच्या शनिवार रात्रीशी जोडली गेली! असली कल्पना कुठल्याही सरकारी निविदेत कधी आली नसती, आणि अशा स्पर्धांचं खरं बळ मला इथेच दिसतं.

मात्र दोनच वर्षांत कुंद्रांच्या जागी आलेल्या ब्रायन सिव्हॅक यांनी ही स्पर्धा पुन्हा त्याच रूपात घ्यायची नाही, असं ठरवलं. त्यांचा आक्षेप सरळ होता: बक्षीस घेऊन झालं की ॲपकडे कोणी बघत नाही, देखभाल कोणी करायची, हे ठरलेलंच नसतं. आक्षेप खरा होता. तरीही मी या स्पर्धांना वाया गेलेलं काम म्हणायला तयार नाही. त्याचं कारण न्यूयॉर्कमध्ये सापडतं.

तिथे जाण्याआधी बाकीचा प्रवास थोडक्यात. २००९ मध्ये फिनलंडमध्ये अशी स्पर्धा झाली, २०११ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये. लंडनने जानेवारी २०१० मध्ये आपलं माहितीभांडार उघडलं. भारतात २०१२ मध्ये सरकारी माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण आलं आणि २०१३ मध्ये नियोजन आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेवर हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून ॲप्स वगैरे करून दाखवायचा मेळावा, भरवला.

आता न्यूयॉर्क. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००९च्या ऑक्टोबरात 'बिगॲप्स' स्पर्धा सुरू केली, पहिल्या वर्षीची बक्षिसं २० हजार डॉलरची. पहिलं बक्षीस 'वेफाइंडर'ला मिळालं. फोनचा कॅमेरा रस्त्याकडे धरायचा, की जवळचं भुयारी रेल्वेचं स्टेशन कोणत्या दिशेला आहे ते समोरच्या दृश्यावरच उमटायचं. ही स्पर्धा नंतरही चालू राहिली आणि मार्च २०१२ मध्ये शहराने कायदाच केला: महापालिकेच्या खात्यांनी आपली सार्वजनिक माहिती २०१८ अखेरपर्यंत एका संकेतस्थळावर आणायची. आज माहिती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिलेलं नाही.

अशा नोंदींची ताकद काय असते, याचा एक किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २००५ पासून न्यूयॉर्कच्या काही भागांत अधूनमधून मेपलच्या पाकासारखा गोड वास पसरायचा. लोक घाबरून ३११ या नागरी तक्रार क्रमांकावर फोन करायचे. अधिकाऱ्यांनी कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता फोन आला ते नकाशावर मांडलं, त्या-त्या वेळच्या वाऱ्याची दिशा त्याला जोडली आणि उलट मागोवा घेत नदीपलीकडे न्यू जर्सीत पोचले. तिथल्या सुगंधी अर्कांच्या एका कारखान्यात प्रक्रिया होत होती ती मेथीदाण्यांवर! २००९च्या फेब्रुवारीत खुद्द महापौरांनी हे जाहीर केलं. बाळंतिणीसाठी मेथीचे लाडू वळणाऱ्या कुठल्याही घरात तो वास पहिल्याच दिवशी ओळखला गेला असता. पण लाखोंच्या शहरात तो ओळखायला तक्रारींची नीट ठेवलेली वही कामी आली.

माझं मन खरं अडकलंय ते बसच्या वेळापत्रकात. न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वे चालवणारी एमटीए ही संस्था शहराची नाही, राज्याची. त्यामुळे महापौरांच्या स्पर्धेला तिची माहिती आपोआप मिळत नव्हती. २००९ मध्ये तर उपनगरी गाड्यांचं वेळापत्रक आयफोनवर देणाऱ्या एका छोट्या ॲपकर्त्याला एमटीएने कायद्याचा बडगा दाखवला. वेळापत्रकावर आमचा हक्क आहे, वापरायचं तर परवाना घ्या, असं तिचं म्हणणं. गाडी किती वाजता येते हे प्रवाशाला सांगण्यासाठी परवाना! त्यावर बरीच टीका झाली, संस्थेला नवे अध्यक्ष आले आणि २०१०च्या जानेवारीत एमटीएने आपली वेळापत्रकं सगळ्यांसाठी खुली केली.

ती ज्या साच्यात खुली झाली, त्याचं नाव जीटीएफएस. हा साचा जन्मला ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात. तिथल्या ट्रायमेट या बससंस्थेतल्या बिबियाना मॅकह्यू यांना एक गोष्ट खटकत होती: गाडी चालवत कुठे जायचं असेल तर इंटरनेट क्षणात रस्ता सांगतं, मग बसने जाणाऱ्यानेच काय पाप केलं? त्यांनी गूगलला गाठलं आणि डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडच्या बसप्रवासाचं नियोजन गूगलवर सुरू झालं. त्यासाठी ठरवलेला फाइलींचा साचा पुढे जगभर पसरला.

वाचकांनी एकदा तरी ही फाइल उघडून बघावी. साधा मजकूर असतो, संगणकावरच्या नोटपॅडमध्येही उघडतो. एका फाइलीत थांब्यांची नावं आणि अक्षांश-रेखांश, दुसरीत मार्ग, तिसरीत फेऱ्या, आणि सगळ्यात लांबलचक फाइलीत प्रत्येक फेरी प्रत्येक थांब्यावर किती वाजता पोचणार त्या वेळा. तिथे कधीकधी २५:१०:०० अशी वेळ दिसते. छापायची चूक वाटावी, पण चूक नाही. आदल्या दिवशी सुरू झालेलं कामकाज मध्यरात्र ओलांडून चालू असतं, म्हणून रात्री एक वाजून दहा मिनिटांची बस आदल्याच दिवसाच्या हिशेबात पंचविसाव्या तासाला येते. शेवटची लोकल पकडणाऱ्या मुंबईकराला हे समजावून सांगावं लागणार नाही. बारा वाजून गेले तरी त्याचा दिवस संपलेला नसतोच. कॅलेंडरपेक्षा ड्यूटीचा दिवस मोठा मानणारा हा साचा वाहतूक खात्यातल्या माणसांच्या अनुभवातून घडलाय, हे त्या एका आकड्यावरून कळतं.

भाच्याकडे ब्रुकलिनला गेलो तेव्हा मी हट्टाने बी ६३ या बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. ही बस फिफ्थ ॲव्हेन्यूवरून पार्क स्लोप या वस्तीतून जाते, आणि न्यूयॉर्कची 'बस टाइम' सेवा पहिल्यांदा याच मार्गावर, फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. "मामा, म्युझियम सोडून बसस्टॉप काय बघायचाय?" असं भाचा विचारत होता. खांबावर सहा आकडी क्रमांक होता. तो फोनवरून संदेशाने पाठवला की बस कुठे आहे त्याचं उत्तर येतं. सुरुवातीला ते उत्तर मिनिटांत नसायचंच; बस किती थांबे किंवा किती मैल लांब आहे एवढंच सांगायचं. रहदारीचा भरवसा नाही, तर खात्रीने ठाऊक आहे तेवढंच सांगू, असा तो प्रामाणिकपणा. साध्या फोनवरही चालावं, स्मार्टफोन नसलेल्या आजीलाही कळावं, असं ते बेतलेलं. त्यामागची संगणकप्रणाली सिएटलच्या विद्यापीठातल्या ब्रायन फेरिस या विद्यार्थ्याच्या 'वनबसअवे' या मुक्त प्रकल्पातून आलेली. २०१४ पर्यंत सेवा शहरभर पोचली.

बक्षीस मिळवलेली बहुतेक ॲप्स काळाच्या ओघात मागे पडली. मागे राहिली ती सवय, कायदा आणि रोज ताजी होणारी फाइल. म्हणून माझं ठाम मत आहे की अशा स्पर्धेतलं पहिलं बक्षीस ॲपवाल्याला देऊच नये. ते आपल्या खात्याची वही उघडून देणाऱ्या आणि ती रोज अद्ययावत ठेवणाऱ्या कारकुनाला द्यावं. त्याच्यानंतर ॲपवाले रांग लावतात. लंडनच्या वाहतूक संस्थेने हेच ओळखलं आणि माहिती सर्वांना फुकट दिली. तिच्यावर 'सिटीमॅपर'सारखी ॲप्स उभी राहिली. २०१७च्या एका अभ्यासाने या खुल्या माहितीपासून प्रवाशांना, शहराला आणि संस्थेला मिळून होणारा फायदा वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत धरला.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. कोची मेट्रोने २०१८ मध्ये आपली वेळापत्रकं जीटीएफएसमध्ये खुली केली आणि त्याच वर्षी दिल्ली सरकारने बसची माहिती. पुणे महापालिकेनेही खुल्या माहितीचं संकेतस्थळ काढलं. आणि माहितीच्या अधिकाराची लढाई तर महाराष्ट्राने देशाच्या कायद्याआधीच लढलेली आहे. २००५च्या त्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की माहिती आपणहून, इंटरनेटसह विविध मार्गांनी, वेळोवेळी प्रसिद्ध करावी, म्हणजे नागरिकाला अर्ज करायची वेळच कमी येईल.

तेव्हा दिवाळीनंतर तुमच्या नगरसेवकाला किंवा वॉर्ड ऑफिसात एवढंच विचारा: आपल्या शहराच्या बसचं वेळापत्रक, थांब्यांच्या जागांसह, कोणालाही उतरवून घेता येईल अशा फाइलीत कुठे ठेवलंय? नसेल ठेवलं, तर चौथ्या कलमाचा हवाला देऊन लेखी मागा, आणि पोच घ्यायला विसरू नका.