कठड्यावरची कुंडी आणि दोन सेकंद
चारकोपमध्ये म्हाडाच्या बैठ्या घरांलगत आता उंच इमारती उभ्या आहेत. तेथील सातव्या मजल्याच्या, म्हणजे सुमारे २० मीटर उंचीच्या कठड्यावरून कुंडी निसटली, तर ती अवघ्या दोन सेकंदांत जमिनीवर आदळते. गुरुत्वाकर्षणामुळे तिचा वेग दर सेकंदागणिक सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो आणि आदळताना ताशी ७० किलोमीटरपर्यंत पोहोचतो.

कुंडी लहान असली म्हणून सावकाश पडत नाही. हवेचा अडथळा नसल्यास जड व हलक्या वस्तू एकाच वेगाने पडतात. 'अपोलो १५'चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी १९७१मध्ये चंद्रावर हातोडा व पीस एकदम सोडून हे दाखवून दिले.

खालच्या पादचाऱ्याला सावध होण्यास दोन सेकंद पुरत नाहीत. म्हणूनच कुंडीची जागा कठड्यावर नव्हे, कठड्याच्या आत असावी.