छायाचित्र पुरावा केव्हा ठरते : रायपूर परिसरातील वन्यजीव पर्यटन

वन्यप्राणी त्यांच्या नैसर्गिक अधिवासात पाहण्यासाठी केलेला प्रवास म्हणजे वन्यजीव पर्यटन. अशा प्रवासात काढलेली छायाचित्रे संरक्षणाला मदत करतात, असे आपण नेहमी वाचतो. ही मदत नेमकी कशी होते आणि केव्हा होत नाही, हे या पाठात छत्तीसगडमधील, विशेषतः रायपूरच्या आसपासच्या उदाहरणांवरून पाहू.

आधी एक जुने छायाचित्र विचारात घ्या. १९४७ मध्ये कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी तीन चित्ते मारले. हे संस्थान आजच्या छत्तीसगडच्या उत्तर भागात होते. मारलेल्या चित्त्यांसह घेतलेले छायाचित्र मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९४८ मध्ये छापून आले. भारतातील शेवटच्या चित्त्यांबद्दल बोलताना आज बहुधा याच प्रसंगाचा दाखला देतात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शिकारीची फुशारकी मिरवणारे चित्र नामशेष होण्याचा पुरावा ठरले, कारण त्यासोबत ठिकाण, काळ आणि संख्या नोंदलेली होती.

आजच्या व्याघ्रगणनेचा पायाही छायाचित्र हाच आहे. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. जंगलातील वाटांवर लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत, म्हणजे कॅमेरा ट्रॅपमध्ये, तोच वाघ किती वेळा दिसला आणि नवे वाघ किती आले यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. २०१८ च्या गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी टिपलेल्या सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रांपैकी वाघांची होती फक्त ७६,६५१. छत्तीसगडचा अंदाज २०१४ मध्ये ४६, २०१८ मध्ये १९ आणि २०२२ मध्ये १७ वाघ असा होता. देशातील वाघ वाढत असताना हे राज्य उलट दिशेने गेले.

मग आपल्यासारख्या पर्यटकाच्या कॅमेऱ्याला काय काम उरते? बरेच उरते; पण ते बहुधा वाघाचे नसते. रायपूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर बारनवापारा अभयारण्य आहे. बार आणि नवापारा या दोन गावांवरून त्याला हे नाव पडले. स्थापना १९७६, क्षेत्र सुमारे २४५ चौरस किलोमीटर. इथे गौर, चितळ, अस्वल, बिबट्या दिसू शकतात. सफारीतील बहुतेक प्रवासी मात्र मोठ्या जनावराची वाट पाहत असतात आणि वाटेतले पक्षी, फुलपाखरे, सरडे न पाहताच परततात. अभ्यासाच्या दृष्टीने हाच खरा तोटा. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ हा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर नोंदवलेल्या तीन कोटी निरीक्षणांवर उभा आहे. त्यांनी नेहमीचे साळुंकी-बुलबुलही नोंदवले, म्हणूनच कोणता पक्षी वाढतो आहे आणि कोणता घटतो आहे ते कळले. रायपूरच्या विद्यार्थ्याला बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदाच्या पाणथळीवर हिवाळ्यातली एक सकाळ घालवून हे काम करता येईल. वाघ न दिसल्याची खंत तिथे नसते.

नोंद खरी असणे तितकेच महत्त्वाचे. नवा रायपूरच्या जंगल सफारीत सिंह आहेत. पण छत्तीसगडच्या जंगलात सिंह नाहीत. तिथले छायाचित्र ‘रायपूर’ एवढ्याच ओळीने टाकले, तर पाहणाऱ्याची फसगत होते. बंदिस्त प्राणी असल्यास तसे स्पष्ट लिहावे. रानम्हैस हा राज्यप्राणी याहून अवघड. २०२० मध्ये आसामच्या मानसमधून आणलेल्या रानम्हशींना बारनवापाऱ्यात कुंपणाच्या आत ठेवले गेले, आणि उदंती भागातील रानम्हशींमध्ये पाळीव म्हशींचा संकर ही जुनीच चिंता आहे. रुंद शिंगे पाहून ‘शुद्ध रानम्हैस’ असे ठरवता येत नाही. त्यासाठी जनुकीय चाचणी लागते. छायाचित्राची मर्यादा इथे दिसते.

आता कायदा पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ज्या कारणांसाठी मिळतो, त्यांत छायाचित्रण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली: अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देता. म्हणजे चांगल्या चित्रासाठी घरट्यापुढची फांदी तोडणे ही नुसती वाईट सवय नाही. फांदी दूर झाली की पिल्ले उन्हाला आणि कावळ्यांच्या नजरेला उघडी पडतात. पक्ष्याला जवळ आणण्यासाठी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवणे निरुपद्रवी वाटते. विणीच्या काळात मात्र तो पक्षी आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला असे समजून खाणे आणि पिल्ले सोडून धावत राहतो.

पैशाचा प्रश्नही आहे. व्याघ्र प्रकल्पांसाठी कलम ३८-क्स नुसार राज्याने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापायचे असते, आणि प्रवेश शुल्कासारखे उत्पन्न स्थानिकांच्या विकासासाठी पुन्हा वापरणे हे त्याच्या उद्दिष्टांत आहे. उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्प असल्याने ही तरतूद तिथे लागू होते. बारनवापारा नुसते अभयारण्य आहे, म्हणून तिथे नाही. तुमच्या सहलीचा पैसा गावात किती राहतो, हे म्हणूनच वाटाडे, जिप्सी आणि मुक्काम यांची निवड करताना तुम्हालाच विचारावे लागते.

छायाचित्र समाजमाध्यमावर टाकण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. मोबाइलने काढलेल्या चित्रात अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात. खवल्या मांजरासारख्या चोरट्या व्यापारातल्या प्राण्याचे चित्र असेल, तर ती माहिती शिकाऱ्याला थेट बिळापर्यंत नेऊ शकते. आयनॅचरलिस्ट अनेक संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकते. तुमच्या स्वतःच्या पानावर ते तुम्हालाच काढून टाकावे लागेल. पूर्ण तपशील, तारखेसह, वनविभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना द्या.