वाफारा : उपयोग किती, जोखीम किती

वैशाखाच्या उकाड्यात वाफेवर व्याख्यान, आणि तेही तोंडावर घ्यावयाच्या वाफाऱ्यावर, हे ऐकून आपल्यापैकी काहींस हसू आले असेल. ज्यांची हयात गिरणीच्या दारात पगाराच्या आणि पाळीच्या मागण्या मांडण्यात गेली, त्यांनी चेहऱ्याच्या निगेत का पडावे, असेही कोणी विचारील. परंतु हा विषय आमच्याकडे द्वारसभेतूनच आला.

सूतगिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर आठ तासांत कापसाचे बारीक तंतू बसतात आणि घामातेलात चिकटून राहतात. त्यांतल्या कित्येक जणी सुटीच्या दिवशी पातेलेभर पाणी उकळून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेतात. अशाच एका भगिनीच्या घरी तिच्या तीन वर्षांच्या मुलीने टॉवेलाचे टोक ओढले आणि पातेले मुलीच्या अंगावर उलटले. मुलगी वाचली, खांद्यावरचे व्रण मात्र राहिले. त्या बाई आम्हांस म्हणाल्या, "भाऊ, बॉयलरपाशी तुम्ही आम्हाला फिरकू देत नाही. मग ह्या वाफेचं आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?" आम्ही निरुत्तर झालो. आजचे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम वाफ म्हणजे काय ते पाहू. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. तेच पाणी शंभर अंशांवरच राहून वाफ होण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी घेते. ही उष्णता तापमापकात दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. अठराव्या शतकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक ह्या शास्त्रज्ञाने ती ओळखली. बॉयलरवरचा कामगार पुस्तक न वाचताही तिला ओळखून असतो. कारण वाफ अंगावर येऊन तिचे पुन्हा पाणी होते, तेव्हा ती उसनी घेतलेली उष्णता एकदम परत करते. एक ग्रॅम उकळते पाणी त्वचेवर निवताना सुमारे ६५ कॅलरी देईल. एक ग्रॅम वाफ ६०० च्या वर देईल. म्हणजे नऊपट. पातेल्यावर जो पांढरा धूर दिसतो ती खरी वाफ नव्हे. ते निवू लागलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब होत. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच किटलीच्या तोटीशी किंवा कुकरच्या शिट्टीशी तोंड नेणे हा वाफारा नव्हे, तो अपघात आहे.

आता ही वाफ चेहऱ्यावर काय करते? त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो पाणी शोषून मऊ होतो. रंध्रांतील तेलकट द्रव्य उबेने सैल पडते. रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा तांबूस व टवटवीत दिसतो, घाम सुटतो. त्यानंतर तोंड धुतले असता चिकटलेली धूळ सहज निघते आणि मनाला हुशारी वाटते. दिवसभर यंत्राच्या आवाजात राहिलेल्या माणसाला पाच मिनिटांची ही विश्रांती क्षुल्लक वाटत नाही, आणि आम्हीही तिला क्षुल्लक मानीत नाही.

परंतु जे वाफेने होत नाही तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वाफेने रंध्रे उघडतात आणि गार पाण्याने मिटतात, हा समज सर्वत्र आहे. रंध्रांना दार नसते, आणि दार उघडणारा स्नायूही नसतो. घामावाटे शरीरातील विष निघून जाते असे जाहिरातीत सांगतात. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीर शुद्ध राखण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे; रंध्रात अडकलेले तेल आणि पेशी हवा लागून काळ्या पडलेल्या असतात, आणि ते घासून वा नखाने पिळून काढल्यास सूज व डाग मागे राहतात. मुरुमे वाफेने बरी होत नाहीत. वांग, इसब, किंवा गाल वरचेवर लाल होण्याची खोड असेल, तर उष्णतेने विकार बळावू शकतो. अशांनी वाफारा घेऊ नये, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. २०२० आणि २०२१ साली कोविडच्या साथीत घरोघर दिवसातून तीन तीन वेळा वाफारे घेतले गेले. त्याने रोग टळतो वा बरा होतो याला आधार मिळाला नाही. उलट, इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टरांना वाफाऱ्याच्या पाण्याने भाजलेल्या मुलांची संख्या वाढल्याचे २०२० मध्येच जाहीर करावे लागले.

कोणी म्हणेल, वाफारा तर आपल्या आयुर्वेदातलाच आहे. खरे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनावर स्वतंत्र अध्याय आहे. परंतु त्याच अध्यायात डोळे आणि हृदय यांना शेक द्यावयाचाच नाही, किंवा दिलाच तर अगदी सौम्य द्यावा, असे बजावले आहे. कोणास स्वेदन देऊ नये याचीही यादी तेथे आहे. परंपरेचे नाव घ्यावयाचे तर तिच्यातील सावधगिरीही घेतली पाहिजे.

ती सावधगिरी आकड्यांत सांगतो. अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स ह्या संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसते की, ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत भाजते. ७० अंशांना एक सेकंदही पुरतो. मुलांची कातडी पातळ, तिला याहून कमी वेळ लागतो. चुलीवरून नुकतेच उतरविलेले पाणी शंभर अंशांच्या जवळ असते, हे ध्यानी घ्यावे.

म्हणून आमची पद्धत अशी. पातेले रुंद बुडाचे व जड असावे आणि अर्ध्याहून कमी भरावे. गॅस बंद करावा, झाकण आपल्यापासून दूर कलते करून काढावे आणि पहिली वाफ जाऊ द्यावी. भांडे भक्कम टेबलावर, कडेपासून आत ठेवावे. मांडीवर, गादीवर वा डुगडुगत्या स्टुलावर कधीही नाही. टॉवेलाची टोके लोंबू देऊ नयेत. तोंड हातभर दूर, डोळे मिटलेले, वेळ पाच मिनिटे, आठवड्यातून एकदा. चटका वाटताच मागे सरावे. नंतर कोमट पाण्याने तोंड धुऊन, ओलसर असतानाच थोडे मलम लावावे. नाहीतर त्वचेतील पाणी उडून ती अधिक कोरडी पडते. लिंबाचा रस, ओवा, निलगिरीचे तेल यांची गरज नाही. त्यांनी डोळे व कातडी चुरचुरते.

आणि घर एका खोलीचे असेल, लहान मूल रांगते वा धावते असेल, तर पातेल्याचा वाफारा घेऊच नये. कोमट पाण्यात पंचा बुडवून घट्ट पिळावा, मनगटाला लावून पाहावा आणि दोन मिनिटे चेहऱ्यावर ठेवावा. आपला केशकर्तनकार दाढीपूर्वी हेच करतो. ऊब तीच, ओल तीच, आणि उलटण्यासारखे काही नाही. यासाठी विजेचे यंत्र विकत घेण्याचेही कारण नाही.

इतके करूनही भाजले, तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. कपडे व दागिने सैल करावेत. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, तूप, शाई वा दंतमंजन लावू नये. मूल असेल, किंवा चेहरा भाजला असेल, तर लगेच रुग्णालय गाठावे.

श्रोतेहो, कारखान्यातील बॉयलरसाठी आपल्या देशात १९२३ सालीच कायदा झाला. त्याला तपासणी आली, निरीक्षक आला. स्वयंपाकघरात निरीक्षक यायचा नाही आणि येऊही नये. तेथे आपणच एकमेकांचे निरीक्षक व्हावयाचे. कामावरून आलेल्या बाईने आपल्या चेहऱ्याची निगा राखावी, यात हसण्यासारखे काहीच नाही. तो तिचा विसावा आहे आणि तिचा हक्कही आहे. ज्या भगिनीने आम्हांस प्रश्न विचारला, ती आता पंचाच वापरते, आणि पाळी सुटताना नव्या मुलींना त्याचे कारणही सांगते. आपणही घरी गेल्यावर एकाला तरी सांगावे, एवढीच विनंती.