आजीच्या हातातला फोन

मागच्या रविवारी आजीला व्हिडिओ कॉल शिकवत होतो. ती एकदा चुकली आणि मी ‘आण इकडे’ म्हणत फोनच काढून घेतला. ती गप्प झाली.

तेव्हा आठवली ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती ८ मार्च २०१६ रोजी सुरू केली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, गणवेश गुलाबी साडी. वर्ग दुपारी, म्हणजे घरचं काम उरकल्यावर. अंगठ्याऐवजी स्वतःची सही करता येणं, हे तिथलं मोठं यश.

सूत्र सोपं आहे: वेळ त्यांची, गरज त्यांची आणि पाटीही त्यांच्याच हातात.

या रविवारी फोन आजीकडेच ठेवला. चार वेळा चुकली, पाचव्यांदा आत्याला कॉल लागला. तुम्हीही करून बघा!