एकच रोग, भवितव्य भिन्न

एकाच प्रांतात राहणाऱ्या, सारख्याच वयाच्या दोन स्त्रियांना एकाच अवस्थेतील स्तनाचा कर्करोग झाला, तर दोघींचे भवितव्यही सारखेच असावयास हवे, असे कोणासही वाटेल. परंतु स्कॉटलंडच्या पश्चिम भागात १९८० ते १९८८ या काळात उपचार झालेल्या ३,७८६ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. या रोगात विशेष लक्ष घातलेल्या शल्यविशारदांकडे गेलेल्या स्त्रियांचे ५ वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ९ टक्क्यांनी अधिक होते. १० वर्षांनंतरही हा फरक ८ टक्के होता. वय, गाठीचा आकार, काखेतील ग्रंथींत रोग पोहोचला होता की नाही आणि सांपत्तिक स्थिती, हे सारे हिशेबात घेऊनही तो नाहीसा झाला नाही. १९९६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

या शल्यविशारदांचे वैशिष्ट्य कशात होते? केवळ हस्तकौशल्यात नव्हे. स्तनरोगांसाठी त्यांचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असे. विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्याशी त्यांचा ठरलेला संबंध असे. नव्या उपचारांच्या चाचण्यांत ते भाग घेत. आणि आपल्या रुग्णांची वेगळी नोंद ठेवीत. म्हणजे रुग्णाचे पुढे काय झाले, हे त्यांना ठाऊक असे.

या गोष्टींना एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी उपचारांचा इतिहास थोडा पाहावा लागतो. अमेरिकन शल्यविशारद हॅल्स्टेड यांनी १८९४ साली वर्णन केलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सारे एकत्र काढून टाकीत. रोग स्तनातून क्रमाक्रमाने बाहेर सरकतो, म्हणून जितके अधिक कापावे तितके उत्तम, अशी ती समजूत होती. पुढे पिट्सबर्गचे फिशर आणि मिलानचे व्हेरोनेसी यांनी ती चाचण्यांच्या कसोटीला लावली. २० वर्षांच्या अवलोकनानंतर २००२ साली दोघांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहान गाठीच्या रुग्णांत केवळ गाठ काढून स्तन राखला, तरी आयुर्मानात उणेपणा येत नाही, असे त्यांतून ठरले. मात्र फिशर यांच्या चाचणीत गाठ काढल्यावर किरणोपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. अर्थात जेथे किरणोपचाराची सोय हाताशी नाही, तेथे स्तन राखण्याचा निर्णय जोखमीचा ठरतो.

औषधांचेही तसेच आहे. काही गाठी स्त्रीसंप्रेरकांच्या आधाराने वाढतात, काहींत हर-टू नावाचे प्रथिन अतोनात असते, तर काहींत यांपैकी काहीच आढळत नाही. प्रत्येकीचा उपचार वेगळा. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी चुकली, तर उत्तम औषधही वाया जाते. म्हणून शल्यविशारद, विकृतिशास्त्रज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करावा, ही पद्धत ग्लासगो परिसरात १९९५ साली सुरू झाली. त्यानंतर तेथील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू शेजारच्या भागांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१२ साली दिसून आले.

भारतात विशेष केंद्रांची परंपरा जुनी आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. चेन्नईच्या अड्यार येथील कर्करोग संस्था १९५४ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. ग्रामीण भागातील कर्करोगाची देशातील पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाली. तथापि, २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांच्या नोंदींवरून देशात ५ वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास आढळले. मिझोराममध्ये ते जवळजवळ ७५ टक्के, तर अरुणाचल प्रदेशातील पासीघाट येथे ४२ टक्के होते.

अशी तुलना करताना सावधगिरी हवी. मोठ्या रुग्णालयाकडे दूरदूरचे, हाताबाहेर गेलेले रुग्णही येतात. तेथील मृत्यूंची नुसती संख्या पाहून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. रोग स्तनापुरता असताना उपचार झालेल्यांत ५ वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण ८१ टक्के होते. शरीरात दूरवर पसरल्यावर ते १८ टक्क्यांवर आले. तेव्हा तुलना करावयाची ती एकाच अवस्थेतील रुग्णांची.

उपचारांतील ही तफावत कमी व्हावी, म्हणून २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाळे स्थापन झाले. आज त्यात ३००हून अधिक संस्था आहेत. केंद्रे एकत्र आल्याने काय साधते, याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. तीत निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे बधिरतेचे स्वस्त औषध टोचले. ५ वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष एकट्यादुकट्या रुग्णालयाला इतक्या खात्रीने काढता आला नसता.

तरीही केंद्र कितीही निष्णात असले, तरी त्याच्या दारापर्यंत रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे आणि उपचार संपेपर्यंत तेथे टिकला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आरंभलेल्या कार्यक्रमात म्हणूनच तीन उद्दिष्टे ठेवली आहेत. निदान किमान ६० टक्के रुग्णांत प्रारंभीच्या अवस्थेत व्हावे, तपासण्या ६० दिवसांत पुऱ्या व्हाव्यात आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. स्तनातील गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच घरातली बाई ती दिवसेंदिवस सांगत नाही. पुढे शस्त्रक्रिया होते, जखम भरते, आणि बरे वाटू लागताच प्रवासाच्या खर्चाने वा घरच्या कामाने उरलेले किरणोपचार आणि औषधे सोडून दिली जातात. तिला वेळेवर तज्ज्ञाकडे नेणे, परगावी तिच्या राहण्याची सोय पाहणे आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिचे उपचार चालू ठेवणे, ही कामे रुग्णालय एकट्याने पार पाडू शकत नाही. त्यांत कुटुंबाचा आणि समाजाचा वाटा आहे.