लिस्बनची क्रांती आणि पेडणे-डिचोली

एकोणिसाव्या शतकातला युरोप म्हटला की आपल्याला फ्रान्स, इटली, जर्मनी आठवतात. परीक्षेलाही तेच येतं. पण आपल्या गोव्याला खरा धक्का बसला तो पोर्तुगालकडून.

१८२० मध्ये पोर्तो शहरात उदारमतवाद्यांनी उठाव केला. राजाच्या सत्तेला राज्यघटनेची वेसण घाला, ही त्यांची मागणी. घटना आली १८२२ मध्ये, आणि गोव्यातूनही लिस्बनच्या संसदेसाठी प्रतिनिधी निवडले गेले. त्यांत बर्नार्दो पेरेस दा सिल्वा हे गोमंतकीय ख्रिश्चन होते. पुढे पेद्रो आणि मिगेल या दोन राजबंधूंत यादवी पेटली. १८३४ मध्ये उदारमतवादी जिंकले आणि गोव्याचा कारभार पेरेस दा सिल्वांकडे आला. १४ जानेवारी १८३५ ला त्यांनी सूत्रं घेतली, १ फेब्रुवारीला बंड करून त्यांना हटवलं. गोमंतकीय माणूस खुर्चीत बसलेला काहींना दोन-तीन आठवडेही बघवला नाही!

त्याच सुमारास धार्मिक संघ बरखास्त झाले. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मठ ओस पडला, १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं. आपण सहलीला जाऊन ज्या मनोऱ्यासमोर फोटो काढतो, त्याची पडझड तिथूनच सुरू झाली.

हे झालं जुन्या काबिजादीचं. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आलं. नव्या काबिजादीत देवळं आणि रीतिरिवाज राखायचं धोरण होतं. इथे मला एक गंमत वाटते, आणि थोडी चीडही येते. १८२६ ची सनद उदारमतवादी म्हणून गाजली, पण तिच्यात राज्याचा धर्म कॅथलिक होता. इतर धर्मांची मोकळीक होती ती परदेशी लोकांना, तीही खाजगी उपासनेपुरती. मग डिचोलीचा हिंदू शेतकरी नेमका कोण? परदेशी तर तो नव्हताच. कागद एक सांगत होता आणि गावात देवाची पालखी उघडपणे निघत होती. आम्हा कॅथलिकांच्या घरांत पेरेस दा सिल्वांचं नाव अभिमानाने घेतात, ते योग्यच आहे. पण त्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत पेडण्याचा माणूस दिसत नाही, हेही बोललं पाहिजे.

प्रत्यक्षात सरकारने तडजोड केली. नव्या काबिजादीच्या चालीरीतींची संहिता १८५३ मध्ये काढली. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला, तेव्हाही हिंदूंच्या रूढींना सवलत राहिली आणि १८८० च्या हुकुमाने ती नव्याने ठरवली. पहिल्या बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायची वाट त्यात आहे. आपण ज्याला अभिमानाने ‘समान’ नागरी कायदा म्हणतो, त्याच्या पोटात हे कलम आहे.

कायद्यापुढे हिंदू आणि ख्रिश्चन बरोबरीला आले ते १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेल्यावर. पोर्तोच्या उठावाला तेव्हा नव्वद वर्षं झाली होती.