हृदयासाठी ठेवलेले पाच लाख

नोकरी संपायला दोन-अडीच वर्षे उरली की माणसाच्या डोक्यात बेरजांचा एक कारखानाच सुरू होतो. फंड किती येईल, ग्रॅच्युइटी किती हाती पडेल, मुलीचे लग्न झाले आहे, घराचे कर्ज फिटले आहे, मग आता चिंता कसली? डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत आरामखुर्ची कोणत्या कोपऱ्यात ठेवायची, एवढेच काय ते ठरायचे राहिले होते! असा मी सुखाने बेरजा करीत असता 2022 च्या जानेवारीत एका पहाटे डाव्या खांद्यात कळ आली, आणि दुपारपर्यंत माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसलादेखील.

आजाराचे रसभरित वर्णन करून ऐन दिवाळीत वाचकांच्या तोंडची चव मी घालवणार नाही. मला सांगायचे आहे ते पुढच्या हिशेबासंबंधी. बिल झाले दोन लाख चाळीस हजार. ज्या स्टेंटच्या नावाने आपण घाबरतो त्याचे त्यात जेमतेम तीसेक हजार होते, कारण स्टेंटची कमाल किंमत सरकारने 2017 च्या फेब्रुवारीतच बांधून दिली. बाकीची रक्कम खोलीची, अतिदक्षता विभागाची, डॉक्टरांच्या फीची. पण मला त्याचे काय? कंपनीचा मेडिक्लेम होता. माझ्या खिशातून गेले ते हातमोजे, पट्ट्या असल्या किरकोळ वस्तूंचे सहा हजार. मी मनात कंपनीला दुवा दिला आणि दीड महिन्याने कामावर रुजू झालो.

कागद पुरे करायला ऑफिसात गेलो, तेव्हा तिथली मुलगी सहज म्हणाली, "काका, नोकरी आहे तोवर झालं हे बरं झालं. रिटायर झाल्यावर ही पॉलिसी नसते."

एवढी साधी गोष्ट. पण सव्वीस वर्षे नोकरी करून ती माझ्या डोक्यात शिरली नव्हती. ऑफिसची छत्री मी आपली समजून वापरीत होतो. स्वतःची पॉलिसी घेण्याविषयी सौ. दोन-तीनदा बोलली होती, तेव्हा "ऑफिसची आहे ना, दोन-दोन कशाला?" असे शहाणपण मीच तिला शिकवले होते.

मग धावपळ सुरू झाली. कंपनीच्या सामुदायिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि जुनी वर्षेही हिशेबात धरली जातात, असे कळले. मात्र आपल्याला घ्यायचे की नाही, हे ती कंपनी ठरवते. स्टेंट आणि मधुमेह ही जोडी पाहून तिने नकार कळवला. दुसऱ्या एका कंपनीनेही तेच केले. हाच अर्ज मी पन्नासाव्या वर्षी, धडधाकट असताना केला असता तर? हा प्रश्न त्या दिवसांत मी स्वतःला किती वेळा विचारला असेल, त्याची मोजदाद नाही.

अशा वेळी आमच्या कॉलनीतला एक विमा-प्रतिनिधी मदतीला धावला. चहा घेता घेता आवाज खाली आणून म्हणाला, "काका, फॉर्ममध्ये स्टेंटचं लिहूच नका. कोण बघतंय?"

खरे सांगतो, मला मोह झाला. मी पेन उघडून बसलो होतो. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, उद्या तुम्ही बेशुद्ध पडून असाल. तेव्हा काउंटरवर मी उभी असेन. तुमचं खोटं मी निस्तरायचं का?"

मी स्टेंट लिहिला, मधुमेह लिहिला, अकरा वर्षांच्या गोळ्यांची नावेही लिहिली. पुढे कळले ते असे, की पॉलिसी साठ महिने सलग चालली म्हणजे माहिती दडवली म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उरत नाही. प्रतिनिधीचा सल्ला मानला असता, तर पाच वर्षे प्रत्येक ठोक्याला दोन भीती बाळगाव्या लागल्या असत्या, एक हृदयाची आणि एक फॉर्मची.

शेवटी त्या जुलैत तिसऱ्या कंपनीने मला घेतले, पण वाढीव हप्त्यावर आणि बिलाचा पाचवा हिस्सा मी सोसायचा या अटीवर. सौ.ची पॉलिसी आम्ही मुद्दाम वेगळी काढली. तिची प्रकृती चांगली. माझ्या आजाराचा भुर्दंड तिच्या हप्त्याला कशाला? दोघांचे मिळून वर्षाला 59 हजार झाले. याच्या शेजारी माझे पेन्शन ठेवून पाहा. खाजगी नोकरीतले पेन्शन म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचे. पगार कितीही असला तरी हिशेबाला 2014 च्या ऑगस्टपर्यंत 6,500 आणि त्यापुढे 15,000 रुपयेच धरतात, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणतात आणि सत्तराने भागतात. माझे महिन्याला चार हजारांच्या थोडे वर आले. म्हणजे वर्षभराचे पेन्शन घातले तरी विम्याचा हप्ता भागत नाही! भाजी, वीज, पेपरवाला या गोष्टी त्यानंतरच्या.

आता खरी मेख. आधीपासून असलेल्या आजारासाठी त्या वेळी चार वर्षे थांबावे लागे, आणि माझी नोकरी 2024 च्या जूनमध्ये संपणार होती. म्हणजे कंपनीची छत्री मिटल्यावर दोन वर्षे हृदयाला काहीच आडोसा नाही. सुदैवाने 2024 च्या एप्रिलपासून ही मुदत तीन वर्षांवर आली, आणि आमच्या पॉलिसीलाही ते लागू झाल्याचे पत्र आले. तरी एक वर्ष उघडे राहिलेच.

अँजिओप्लास्टीनंतर नोकरी सोडून घरी बसावे, असे मुलीचे म्हणणे होते. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढणे हे काय हृदयरोग्याचे काम आहे? मलाही ते पटत होते. पण आधी सोडली असती, तर उघडे वर्ष एकाऐवजी तीन झाले असते. मग डोंबिवलीहून सुटणारी स्लो लोकल धरायची, पाऊण तास आधी निघायचे आणि बसून जायचे, असे ठरले. दोन वर्षे मी तसाच गेलो. लोक फंडासाठी, पगारासाठी नोकरी टिकवतात. मी ती टिकवली मेडिक्लेमसाठी.

ग्रॅच्युइटी आली पावणेसात लाखांच्या वर. प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. त्यातले पाच लाख मी वेगळ्या ठेवीत टाकले आणि पावतीच्या पाकिटावर लाल शाईने लिहिले : 'हृदय'. उघड्या वर्षासाठी. फंडातले पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. साठ पुरी नसली तरी निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते ठेवता येतात. मी ठेवले तेव्हा दर 8.2 टक्के होता. तिमाहीला 30,750 रुपये येतात. गोळ्यांचा खर्च महिन्याला 3,200 होता. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागल्यापासून तो हजाराच्या आत आला. एक गोळी मात्र त्यांनी बदलू दिली नाही. ती मी मुकाट्याने जुनीच घेतो. त्याच ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार सुरू झाले. मी सासूबाईंचे कार्ड लगोलग काढले. मला अजून बारा वर्षे होती.

एवढी तटबंदी केल्यावर मला थोडा गर्वच झाला होता. कोणी भेटले की मी त्याला आमची योजना समजावून सांगत असे. आणि घरात सौ. रात्री जेवल्यावर पोट धरून बसत असे, हे मात्र मला दिसत नव्हते.

डिसेंबरात मुलगी माहेरी आली. तिने एका संध्याकाळी पाहिले आणि आईला ओढून डॉक्टरांकडे नेले. पित्ताशयात खडे होते. तीन महिने दुखत होते, असे तिथे उघड झाले. मी रागावलो, "अगं, मग बोललीस का नाही?"

ती म्हणाली, "बोलून काय करणार? ठेव मोडली असतीत. ते पैसे तुमच्या हृदयाचे आहेत."

मला काय वाटले ते लिहिता येत नाही. लाल शाईने पाकिटावर लिहिलेला शब्द मीच लिहिला होता. इतक्या बेरजांत मी आजारी माणूस एकच धरला होता. तिच्या पॉलिसीची खड्यांसाठी असलेली दोन वर्षांची मुदत जुलैतच पुरी झाली आहे, हे मी तिला कधी सांगितलेही नव्हते.

शस्त्रक्रिया छान झाली. पण तिथेही माझी एक ठेच वाचकांच्या उपयोगी पडेल. पाच लाखांच्या त्या पॉलिसीत खोलीचे भाडे दिवसाला एक टक्का, म्हणजे पाच हजारांपर्यंत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला जरा बरी खोली घेऊ, वरचे तीन हजार मी देते." आठ हजारांची घेतली. मला वाटले, दोन दिवसांचे सहा हजार जातील. पण महाग खोली घेतली की डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह हे सारेच त्या प्रमाणात कापतात. औषधे आणि तपासण्या तेवढ्या सुटतात. आमच्या एक लाख साठ हजारांच्या बिलात असा खर्च एक लाख चार हजारांचा होता. त्यातले 39 हजार कापले गेले. खोलीचे सहा धरून पंचेचाळीस हजारांची ती खिडकी झाली. खिडकीतून वाहनतळ दिसत होता.

ते पंचेचाळीस हजार त्याच ठेवीतून दिले. सौ.ने खूप हरकत घेतली. मी घरी येऊन पाकिटावरचा शब्द खोडला आणि दोघांची नावे घातली. तिमाहीच्या व्याजातून पाच हजार त्यात परत टाकतो. 2025 चा जुलै कोणतीही कळ न येता उजाडला. उघडे वर्ष संपले. त्या दिवशी सौ.ने शिरा केला, साखर अर्थातच बेताची.

परवा चकल्या पाडताना सोऱ्या बाजूला ठेवून ती आपणहून म्हणाली, "अहो, आठवडाभर उजवा गुडघा दुखतोय माझा." मी गॅस बंद केला आणि डॉक्टरांना फोन लावला.